डावा पाय

लग्न होऊन दोनच गल्ल्या ओलांडून आलो मी,
पण शत्रूच्या मुलखात.
हौद तालमीची लेक, तोफखान्याची सून.
बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी पत्रिका मागितली नाही.
भिंतीवरच्या हिरव्या जर्सीकडं बघत
चहा गार होईस्तोवर गप्प बसले, मग म्हणाले,
"एवढं एक सोडलं तर स्थळ बरं हाय."

आज्ज्याच्या काळात तालमीत नुसती कुस्ती.
पहिला बॉल कुठनं आला, कुणाला नक्की ठाऊक नाही.
कुणी म्हणतं साहेबाच्या माळ्यानं पळवला,
कुणी म्हणतं पैजेत जिंकला, एका बोकडावर.
नारबा वस्ताद तो काखेत मारून गोलापर्यंत पळाले.
पंचानं शिट्टी फुंकली, तर त्यालाच विचारलं,
"हातात आलेला माणूस पैलवान सोडतो व्हय?"

हिरवा रंगसुद्धा चुकूनच.
हुसेनचाचांच्या निळीच्या घंगाळात
हळदीच्या लुगड्याचं पाणी मिसळलं,
अकरा सदरे शेवाळासारखे निघाले.
दुसरे शिवायला पैसे नव्हते.
तेच घालून जिंकलो. मग कोण बदलतंय?

बाबा उद्यमनगरात लेथवर,
अंगाला लोखंडाचा वास घेऊन मैदानात उतरायचे.
डावखुऱ्या पायाचे. मारण्याआधी एक क्षण थांबायचे,
घरी काहीतरी विसरल्यासारखे.
गोलकीपर तेवढ्यात फसायचा.
मानधन म्हणजे नारळ, फेटा,
आणि रात्री मटणाच्या पंगतीत पहिलं ताट.

एकदाच कप आला. मी पाच वर्षांची.
हलगीनं गल्लीतली कुत्री गायब झाली.
पहाटे तीनला कपात धारोष्ण दूध ओतून
सगळ्यांनी एकेक घोट घेतला.
मला अजून आठवते ती चव,
दुधाची कमी, पितळ घासायच्या पावडरीची जास्त.

त्यानंतर सव्वीस वर्षं नुसतं "पुढच्या सीझनला बघ."

आता पोरं करारावर खेळतात.
तालमीच्या माडीवर नायजेरियाचा इमेका राहतो,
तांबडा रस्सा वाटीनं पितो,
डोळ्यातलं पाणी पुसत म्हणतो, "अजून वाढा मावशी."
पोटापाण्याचं झालंय सगळं, लोक नावं ठेवतात.
पण तीच लोकं कामावर दांडी मारून
दुपारी बारालाच पायऱ्यांवर रुमाल टाकून जागा धरतात.
तुम्ही म्हणाल, हरणाऱ्या संघात काय बघतात?
मला तरी कुठं सांगता येतंय.
हौदानं गोल केला की मी सासूबाईंशेजारी
पर्समध्ये खाली मान घालून काहीतरी शोधतो.
सासूबाई समोरच बघत म्हणतात, "सापडलं का गं?"

आणि यंदा सेमीफायनल,
हौद विरुद्ध तोफखाना.
पिवळ्या जर्सीत चौदा नंबर, माझा इंद्रजित.
पोटात नऊ महिने वाढवला, तो बापाच्या पेठेचा निघाला.
सकाळी बूट पुसून दिले,
देवापुढं दिवा लावला आणि काहीच मागितलं नाही.
मागायचं तरी कुणासाठी?

शेवटची चार मिनिटं, बरोबरी.
कॉर्नरचा बॉल डोक्यांवरनं सुटून त्याच्या पुढ्यात पडला.
सगळं स्टेडियम ओरडतंय, "मार! मार!"
आणि पोरगं थांबलं.
एक क्षण.
घरी काहीतरी विसरल्यासारखं.

मग डावा पाय.

पिवळा गुलाल उडाला, कुणीतरी मला उचललं,
सासूबाईंनी भर गर्दीत माझी दृष्ट काढली.
पलीकडच्या पायऱ्यांवर हिरवी माणसं
बसल्या जागी बसून होती,
पाऊस येऊन गेल्यावर बसतात तशी.
त्यात माझा भाऊ. एवढ्या लांबनंसुद्धा ओळखला,
टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची सवय बाबांचीच.

रात्री त्याचा फोन आला.
माझ्या दारात हलगी, त्याच्याकडं शुकशुकाट.
बराच वेळ दोघं काहीच बोललो नाही.
शेवटी मीच म्हणालो,
"ऑफसाइड होता दादा."

"गप गं," तो म्हणाला. "नव्हता."