उजवा कान

रेकॉर्ड रूममध्ये माझं काम पानं सपाट करायचं.
ब्रशने धूळ काढायची, पान काचेखाली सरकवायचं,
फोटो निघाला की पुढचं.
वाचत बसू नका, असं साहेबांनी बजावलंय.
वाचलं की दिवसाची दोनशे पानं होत नाहीत.

तरी विसोबा वडके भेटलाच.
कसबा पेठ, धंदा तांबट.
सतरा मतांनी निवडून आलेला,
आणि पेठेतले मतदारच मुळी एक्क्याण्णव.
सहीतला ड वाकवलेल्या तारेसारखा.

पहिल्याच सभेच्या टिपणात कारकून लिहितो:
सभासद वडके यांस डाव्या कानाने ऐकू येत नाही,
सबब खुर्ची बदलून मागतात.
वीस वर्षं हंडे ठोकले की एखादा कान जातोच.
आळीत सगळ्यांचंच तसं,
तिथे गुपितंसुद्धा ओरडून सांगावी लागत.
खुर्ची बदलून मिळाली नाही.

मग तीन वर्षं त्याचा एकच विषय.
आळीच्या तोंडापासून नागझरीच्या उतारापर्यंत
रॉकेलचे कंदील, नग अकरा.
शिल्लक नाही.
विषय तहकूब.
शिल्लक नाही.
पुढील सभेत पाहू.
एका सभेला तो घरून कंदील घेऊन गेला
आणि भर दुपारी टेबलावर पेटवला.
कारकुनाची नोंद एवढीच:
तेल सांडले, बनात खराब झाली,
खर्च सभासदाकडून वसूल करावा.

अठराशे सत्त्याऐंशी, मार्गशीर्ष.
जकातीचा ठराव आला:
तांब्याच्या पत्र्यावर मणाला चार आणे जादा,
त्या पैशातून पेठांना दिवे.
सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या असणार.
आता हा उठणार, तांबट आहे, बोंब मारणार.
ठरावाच्या बाजूने हात: अकरा.
नावं दिली आहेत. आठवं वडके.

यापुढचं वहीत नाही.
दोन पानांच्या मध्ये एक चिठोरं चिकटलेलं होतं,
मोडीत. मोडी मला अडखळत येते,
या नोकरीसाठीच शिकले.
जेवणाची सुट्टी त्यातच गेली.

पंच बसले होते. मारुतीच्या पारावर, दिवेलागणीला.
(दिवे कसले? मशाली असतील.)
पंच म्हणाले, विसोबा,
प्रश्न डावीकडून आला होता म्हण.
ऐकू आलं नाही म्हण, हात चुकून वर गेला म्हण.
एक नारळ फोड, आम्हीही विसरतो.
आपलाच माणूस आहेस, आपल्यासारखाच बहिरा.

खाली उत्तर, वेगळ्या शाईत:
प्रश्न उजवीकडून आला.
ऐकला.
हात माझाच.

पुढच्या निवडणुकीत त्याला मतं चार.
त्यातलं एक त्याचंच असेल तर बाकीची तीन कुणाची,
हा विचार मी घरी जाताना बसमध्ये करत होते.

दिवे आले. अकरा नव्हे, पाच.
क्रमांक त्रेसष्ट नेमका त्याच्या दुकानासमोर,
जिथे आता घाट घडवायला कुणी पत्रा देत नव्हतं.
पण त्याची सही येतच राहते, सभासद म्हणून नव्हे,
तक्रारींच्या वहीत, साधा रहिवासी म्हणून:
त्रेसष्ट रात्री नऊला विझला.
त्रेसष्टची काच काजळली आहे, कंत्राटदार पुसत नाही.
त्रेसष्टमध्ये तेल अर्धंच भरतात, मी शिडी लावून पाहिलं.
नऊ वर्षं. शेवटी शेवटी ड सरळ होत गेलेला,
हात कापत असावा.

मग दोन महिने काहीच नाही.

आणि आज, काचेखाली घातलेलं हे पान:
दिवा त्रेसष्ट, तीन रात्री अंधार.
तक्रारदार सगुणा, भ्रतार विसोबा वडके, मयत.
निशाणी अंगठा.
समासात लाल शाईने, कंत्राटदारास दंड दोन आणे.

अंगठ्याच्या रेघांत शाईखाली
एक आडवा व्रण आहे, पत्र्याने कापल्याचा.
म्हणजे ठोकत तीही होती.
मतदारांच्या यादीत तिचं नाव शोधून पाहिलं.
कुठून असणार!

पान सपाट होत नाहीये.
अंगठा दाबलाय तिथे कागद अजून खोलगट आहे.