साठ जणांचं बिऱ्हाड

वाशीत, सेक्टर सतराच्या दुकानात
गोगरीशेठनं विचारलं, "गेमिंगला हवाय?"
म्हटलं, नाही. साठ माणसं बसवायचीत.
अठरा व्हायोलिनं, आठ चेलो, चार हॉर्न,
आणि मागे एक टिंपनीवाला,
जो क्वचितच वाजवतो पण जागा अडवतो.

त्यानं कॅल्क्युलेटर पुढे ओढला.
"चौसष्ट जीबीत तुमचे चेलो उभेच राहतील.
एकशे अठ्ठावीस घ्या, सगळ्यांना खुर्ची."
ग्राफिक्स कार्ड मी काढायला लावलं,
त्या पैशात पंखा घेतला,
न बोलणारा.

आता दिवाळे गावात, सुकटीचा वास मुरलेल्या खोलीत
डबा टेबलाखाली बसलाय.
एक पट्टी दाबली की
कुठल्याशा गार देशातली बाई तारेवर गज ओढते.
नीट ऐकलं तर सुराच्या आधी
तिची खुर्ची करकरते.
तेवढ्या करकरीसाठी चोवीस हप्ते.

हसुरामकाकानं चाळीस वर्षं बँडात हळदी वाजवल्या.
हेडफोन उलटा घालून ऐकत राहिला.
"किती जन?"
साठ.
"नि यांना जेवान कोन घालतं रं?"

मला लाइटबिल आठवलं. बोललो नाही.

काकानं हेडफोन काढला,
वाकून डब्याच्या पाठीवर तळवा टेकला.
"तापलेत," म्हणाला, "जरा दम खाव दे त्यांना."
आणि ओटीवर जाऊन
क्लॅरिनेटची पत्ती
जिभेवर ओली करू लागला.