चौदा नंबर

रात्रीचे तीन दहा.
हेआनच्या खोऱ्यावर धुकं, पातेल्यावर झाकण पडावं तसं.
मी कंटेनरात. पायाशी हीटर,
पडद्यावर चाळीस हिरवे ठिपके:
चाळीस सुरुंग, प्रत्येकाला नंबर.
ह्यांच्यावर पाय पडला तरी हे फुटत नाहीत.
आधी मला उठवतात.

चौदा नंबर पिवळा झाला.
वजन अंदाजे बारा किलो. चाल अनियमित.
खाली दोन चौकोन:
हो. नाही.

बारा किलो म्हणजे पाणहरीण.
बारा किलो म्हणजे अडीच वर्षांचं पोरही,
पण तारेपल्याड, ह्या वेळी, पोर कुठलं,
असं म्हणायला आम्हाला बरं वाटतं.

माझ्या मोठ्या आत्याचं नाव मल-सुन.
म्हणजे ही शेवटची मुलगी, आता पुरे.
नाव लागू पडलं. तिच्या पाठीवर माझे वडील झाले.
अकराव्या वर्षी ती डोंगरात गोसारी वेचायला गेली,
कोवळ्या नेच्याचे कोंब, मुठीएवढी जुडी झाली होती
आणि डावा पाय एका जुन्या सुरुंगावर पडला.
त्याने काही विचारलं नाही. त्याला विचारता येत नव्हतं.
पुरणारा सैनिक केव्हाच घरी गेला,
त्याचं लग्न झालं, टक्कल पडलं असेल,
सुरुंग ड्युटीवरच.

गाव म्हणालं, डोंगरच वाईट.
कुणी म्हणालं, पुराने वाहून आणला.
सरकारी कागदावर आलं: निष्काळजीपणा.
पायाचा.

ऑक्टोबरात सुट्टीवर गेलो
तेव्हा आत्या मुळ्याचा पाला दोरीवर वाळत घालत होती.
दाराशी तिचा पाय उभा, बुटासकट.
घरात शिरताना ती बूट काढत नाही,
पायच काढते.

मी ट्रेनिंगमधली वाक्यं तिला ऐकवली.
हा शहाणा आहे, आत्या.
तीस दिवसांनी बॅटरी संपते, मग नुसता डबा.
आणि मधल्या दिवसांत माणूस ठरवतो.

"कुठला माणूस?"
"मी."

तिने पाल्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली.
"म्हणजे माझ्या वेळी हा असता,
तर मला कुणीतरी बघितलं असतं."
"हो."
"टोपली दिसली असती त्याला?"
"टोपली नाही दिसत. गरम असेल तेवढंच दिसतं."
"मग मी दिसले असते."
"हो."
"आणि?"

मी पाल्याची एक जुडी उचलून तिच्या हातात दिली.
तिने घेतली. मुळ्याच्या मातीचा वास होता तिला.
"इतकी वर्षं त्या डोंगराला शिव्या घातल्या," ती म्हणाली,
"त्याला कधी लागल्या नाहीत.
तुला घातल्या तर लागतील रे."
मग खोकल्यासारखं हसली,
आणि दोरीचं दुसरं टोक धरायला सांगितलं.

तीन अकरा.
पडद्यावर करडं, दाणेदार काहीतरी
वाकतं, थांबतं, पुन्हा वाकतं.
चरणारं जनावर असंच वाकतं.
वेचणारी मुलगीही.
बोट चौकोनावर नेलं, मागे घेतलं,
पँटला पुसलं. हीटर असून गार.

नाही.

ठिपका हिरवा झाला.
थोड्या वेळाने बाहेर ते ओरडलं,
गळा दाबल्यासारखं, बाईमाणसासारखं.
पाणहरणं ओरडतात तशी. गावात जन्मलेल्याला माहीत असतं.
तरी मी उभा राहिलो.

सकाळी कॅप्टन नोंदवही घेऊन आले:
चौदा नंबर, नाही, सार्जंट प्यो,
निर्णयाला लागलेले सेकंद एक्कावन्न.
नियमात वीस आहेत.
"एवढा वेळ काय करत होतास?"

खात्री, म्हणालो.

टोपली शोधत होतो, हे नाही सांगितलं.