रिकामं खोगीर

धुकं उतरलं तेव्हा मी रानबोकडाचं पोट साफ करत होतो.
सुरी पुसून वर बघितलं,
तर खिंड नव्हती. उतार नव्हता.
वीस पावलांवर बांधलेला तोरूही नव्हता.
रक्ताच्या वासानं बुजून
दगडाभोवतीचा लगाम त्यानं सोडवून घेतला असावा.

हाका मारल्या. शीळ घातली.
आत-बाशीच्या डोंगरांनी त्याचं नाव परत केलं,
घोडा नाही केला.

पाच काडतुसं, कुरुतचे तीन खडे,
अर्धी काडेपेटी, आणि जाळायला काहीच नाही.
इतक्या वर झाडं येत नाहीत.
चुलता म्हणायचा, थंडी आली की बसू नकोस
आणि धुकं आलं की चालू नकोस.
दोन्ही एकदम आली तर काय,
हे सांगायच्या आत तो गेला.

मग बोकडाच्या पोटाशी शिरलो,
हात कोपरापर्यंत आत.
दुपारी ह्याचाच खांदा फोडला होता मी, नीट नेम धरून.
मध्यरात्रीपर्यंत त्यानं मला ऊब दिली.
नंतर गार पडत गेला, हळूहळू,
पाहुण्याला 'नीघ' म्हणायला
संकोचणाऱ्या यजमानासारखा.

मरणाची भीती फारशी नव्हती.
भीती होती घोड्याची.
तोरूला वाट पाठ आहे.
पहाटे तो फाटकाला नाक घासेल,
बुरुल कंदील घेऊन येईल, म्हणेल, "किती उशीर!"
आणि मग कंदील वर करेल.
तिच्या थोरल्या भावाचा घोडा
असाच आला होता, नदीपलीकडून, एकटा.

रात्रभर मी तोरूला वाटेत अडवत राहिलो.
आत्ता ओढा आला. थांब, पाणी पी.
आत्ता लाल घसरण. सांभाळून, सावकाश.
आत्ता कबरी. चर तिथलं गवत, कुणी हाकलणार नाही.
असा पोचू नकोस रे,
माझ्याआधी पोचू नकोस.

उजाडलं. पाय माझेच आहेत
हे पटायला वेळ लागला.
लाल घसरणीच्या खाली
धुक्यातून घोडा वर आला,
आणि घोड्यावर बुरुल, माझा जुना कोट घालून.
जवळ आली. चाबूक एकदाच मारला, पाठीवर.
मग उतरली. "चढ," म्हणाली.

खोगीर गरम होतं.

बोकडाचं काय झालं,
हे तिनं संध्याकाळपर्यंत विचारलं नाही.