कुणासाठी

बंदराच्या चढावर, मासे धुरवणाऱ्याच्या शेजारी
आमचं गेमचं दुकान. डुलुथ. नोव्हेंबर.
सरोवर अजून गोठलं नव्हतं,
पण दारातून येणारं प्रत्येक माणूस
वाऱ्याचा एक तुकडा खांद्यावर घेऊन आत यायचं.

कर्टनं पहिल्याच दिवशी शिकवलं :
बाई आली की आधी विचार, कुणासाठी.
मग मुलाचं वय.
स्वतःसाठी म्हणालीच, तर घोड्यांचे, केशरचनांचे, स्वयंपाकाचे,
तिथे ने, खिडकीपाशी, गुलाबी फळीवर.
गुंडाळायचे पैसे वेगळे लाव.
त्याच्या आवाजात वाईटपणा नव्हता.
बुटाचा नंबर घ्यावा तसं सांगत होता.

गल्ल्याच्या यंत्रातही तेच. 'स्त्री' दाबलं की उघडायचं :
मुलगा, नवरा, भाऊ, मित्र, इतर.
'स्वतः' हे बटण फक्त पुरुषांच्या पानावर.
दोन वर्षं मी ते रोज पाहिलं
आणि मला दिसलं नाही.

आयला कोर्पेला शुक्रवारी यायची,
खनिजाच्या गोदीवरची पाळी संपवून,
नखांत लाल भुकटी, कपाळावर हेल्मेटचा वळ.
'राखेचा किल्ला', भाग तिसरा, म्हणाली.
मी म्हणालो, हा जरा अवघड आहे हं. मुलगा केवढा?
मुलगा नाही.
मग भाचा?
मागे रांगेत कुणीतरी हसल्यासारखं खोकलं.
तिनं पैसे मोजून ठेवले, चिल्लरसुद्धा.
मी 'इतर' दाबलं,
आणि सवयीनं विचारून गेलो, रिबीन कुठल्या रंगाची?

जानेवारीत बोटी थांबल्या, गोदीवरची माणसं कमी झाली.
ती पिशवी घेऊन आली.
यंत्र, दोन कंट्रोलर, कार्ड,
वायरी केसांच्या रबरांनी नीट बांधलेल्या.
मी विचारलं (अजून कान तापतात),
ज्याचं आहे त्याला ठाऊक आहे ना, तुम्ही विकताय ते?
क्रेनवरून खाली बघावं
तशी ती माझ्याकडे बघत राहिली.
एकसष्ट डॉलर, म्हणाली. पाटीवर लिहिलंय. एकसष्ट.

मेमरी कार्ड पुसूनच फळीवर ठेवायचं, असा नियम.
शटर ओढल्यावर मी ते उघडलं.
नाव आयला. तास सहाशे अकरा.
आणि उभी कुठे होती?
पुलाच्या पलीकडे.
ज्या पुलावर मी उन्हाळ्यापासून मरत होतो,
मी, ज्याला पोरं शाळा सुटल्यावर विचारायला यायची,
ज्याच्या छातीवर 'तज्ज्ञ' असा बिल्ला होता.
तिच्याकडे ढालही नव्हती.
एक कंदील, आणि एकवीस वेळा शिवलेला अंगरखा.

पुसलं नाही. चार डॉलर भरून मीच घेतलं.
यंत्रानं विचारलं, कुणासाठी.
'स्वतः'. वरून पहिलंच बटण.

एप्रिलमध्ये बर्फ फुटला, पहिल्या बोटीचा भोंगा
दुकानाच्या काचेत थरथरला.
आयला आली. तिचंच यंत्र, तीच ओरखड्याची कड,
आम्ही एकशे दहाला लावलं होतं.
मी काही कमी केलं नाही. कर्ट उभा होता.
कार्ड माझ्याकडे आहे हेही सांगितलं नाही.
फक्त पावती देताना, खाली बघत :
तो तिसऱ्या भागातला पूल… कसा ओलांडायचा?

तिनं पावतीची घडी घातली. आणखी एक घातली.
कुणासाठी विचारतोयस?

भावासाठी, मी म्हणालो.
मला भाऊ नाही.

भावाला सांग, ती म्हणाली,
पुलावर पळायचं नसतं.
मग खांद्यानं दार ढकलून, यंत्र पोटाशी धरून
उतारानं खाली गेली, सावकाश,
फुटपाथवर अजून निसरडं होतं.