माया

ब्लाउज शिवताना दोन्ही बाजूंना
मी दोन बोटं माया ठेवते.
बाई उद्या भरेल, बाळंत होईल,
उसवून सैल करता आलं पाहिजे.
लोक जमवतात ती माया वेगळी,
आई लावते ती वेगळी,
माझ्या कामातली ही दोन बोटांची,
आत दुमडलेली, बाहेरून न दिसणारी.

अकरा वर्षं दांडिया बाजारात, जिन्याखालच्या भाड्याच्या खोलीत,
मी, मशीन, आणि फक्त दोनवर चालणारा पंखा.
नवरात्राआधी दोन महिने
चणियाचोळ्यांचे घेर कमरेएवढे साचतात.
"बेन, बांय जरा टूंकी करजो."
"बेन, काले मळशे ने?"
नऊ रात्री सगळं बडोदं गोल फिरतं
आणि मी सरळ शिवण मारते.
दसऱ्याला डब्यात जे उरतं
त्यावर पुढचं वर्ष.

बँकेत त्रिवेदीसाहेबांनी विचारलं, उत्पन्न?
म्हटलं, आहे.
म्हणाले, कागदावर?

मग तीन वर्षं रिटर्न भरली, पारुलबेनच्या मागे लागून.
डब्यातल्या नोटा दर सोमवारी खात्यात.
बिलबुक छापून आणलं:
चारुशीला जगदाळे, लेडीज टेलर.
पहिली पावती फाडताना हात अडला.
इतक्या वर्षांत कुणी मागितलीच नव्हती.

यांच्या जुन्या मोबाइलचे तीन हप्ते राहिले होते,
विसरून, मुद्दाम नव्हे.
तेवढ्यानं स्कोअर खाली आला.
एक सैल दोरा, ओढला की अख्खी शिवण हातात.
भरले. आठ महिने थांबलो.
हे मकरपुऱ्यात रविवारची पाळीही घ्यायला लागले.
शाल्मली सहलीला गेली नाही,
आणि गेली नाही हे तिनं आम्हाला
सहल परत आल्यावर सांगितलं.

भायलीला नमुन्याचा फ्लॅट पाहिला.
गार हवा, काचेची फळं, बिनपाण्याचे नळ.
टायवाला मुलगा म्हणाला, एक हजार चाळीस फूट.
सुपर बिल्ट-अप, मी म्हटलं. कार्पेट?
सहाशे पंचावन्न.
मला हे कळतं.
सुती कापड आधी भिजवून घ्यावं,
नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं.
पर्समधून टेप काढून पलंग मोजला:
पाच फूट पाच.
हे पाच अकरा आहेत.
मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला.

आम्ही घेतोय तो त्याहून लहान.
दुसऱ्या मजल्यावर, जुन्या सोसायटीत,
मागच्या खिडकीतून कडुलिंब आणि कुणाचा तरी गॅसचा सिलिंडर.
सत्तावीस लाख. बँकेचे ऐंशी टक्के, आपले वीस.
पाच लाख चाळीस हजार मी खडूनं
कापायच्या टेबलावर लिहिले, तळव्यानं पुसले,
पुन्हा लिहिले.

बँक आणखी द्यायला तयार होती.
हे म्हणाले, थोडं ताणलं तर दोन बेडरूम बसतात.
बसतात. कापड पुरेल,
पण माया उरणार नाही.
यांना आठवण करून दिली
गरबा झालाच नाही त्या वर्षाची,
पाच-पाच रुपयांचे मास्क शिवले त्याची,
भाड्याची तारीख जवळ आली की
जिन्यावर वाजणाऱ्या पावलांची.
हप्ता असा हवा, की एखादं नवरात्र
रिकामं गेलं तरी टाका तुटू नये.
हे बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग वहीतला आकडा स्वतःच खोडला.

काल रात्री पारुलबेनचा फोन:
एकट्या बाईच्या नावावर घेतलं
तर नोंदणीची फी माफ आहे.
हे म्हणाले, तुझ्याच नावावर करू,
तेवढेच वाचतील.

मी काही बोलले नाही.
ओठांत टाचण्या होत्या.