सोमवारची खळ

सुनेनं तिकीट काढलं. म्हणाली, जाऊन या मामा,
गॅलरीत बसून समोरच्यांचे कपडे किती मोजणार.
सात रस्त्यावरून सव्वासातला गाडी.
अकरा माणसं, पाण्याची एक पेटी
आणि श्रीशैला, वय तेवीस, हातात माईक:
आज आपण बघणार आहोत
दरीतल्या ऐतिहासिक वायनरी.

मागून कुणीतरी: दरी? आपल्या सोलापुरात?

बार्शी मागे पडली. बालाघाट उठला,
उठला म्हणजे कोपरावर टेकला,
जेवून आडवा झालेला माणूस
दार वाजल्यावर टेकतो तसा.
त्याच्या काखेत द्राक्षं.
ही दरी, श्रीशैला म्हणाली.
आम्ही मान्य केली. तिकिटात जेवण होतं.

पहिल्या वायनरीला कुलूप.
दारावर कोरलेलं साल सत्त्याऐंशी,
म्हणजे इतिहास माझ्या धाकट्याच्या वयाचा.
फटीतून टाक्या दिसल्या, स्टीलच्या, उंच,
आणि त्यांच्या पायाशी बेदाण्याची खोकी, छतापर्यंत.
मालक आता वाळवतो,
श्रीशैलानं माईक बंद करून सांगितलं.

दुसरीकडे तळघर होतं.
ओल्या पायऱ्या, पिवळा दिवा,
लाकडी पिंपं आडवी निजलेली
आणि प्रत्येकाच्या पोटावर खडूचा आकडा,
आम्ही बीमवर घालायचो तसा.
पेले आले. बोटभर लाल.
आधी फिरवा, मग नाक आत घाला,
घाई नको. काय येतंय?

जांभूळ, पुण्याचे पाहुणे म्हणाले.
ओलं चामडं, त्यांच्या मिसेस,
आणि मागे, अगदी मागे, चॉकलेट.
बँकेतले चिलवेरी म्हणाले, पैसा.
मी जन्मात कधी थेंब घेतलेला नाही.
पण नाकाला कुणी शपथ घातली होती?

एकतीस वर्षं सायझिंग खात्यात काढली.
शनिवारी उरलेली खळ हौदात झाकून ठेवायची,
रविवारी गिरणी बंद,
सोमवारी पहाटे झाकण उचललं
की पहिला वास माझा.
राजेशम मास्तर वाकायचा, सगळे गप्प.
मान हलली तर सूत चढायचं,
नाही हलली तर हौद गटारात
आणि दुपारपर्यंत चारशे माग उपाशी.

मी म्हणालो, सोमवारची खळ.

हसले सगळे.
श्रीशैला हसली नाही, वहीत काहीतरी शोधू लागली,
तिथं जांभूळ होतं, चामडं होतं, खळ नव्हती.

कोपऱ्यात एक म्हातारा पाईपनं फरशी धूत होता.
त्यानं पाणी बंद केलं. आला.
माझ्या हातातला पेला काढून घेतला, हुंगला.
सतरा नंबर, म्हणाला.
जानेवारीपासून सांगतोय, फिरलंय हे.
दस्तगीरचं कोण ऐकतंय.

खिशातून खडू काढून त्यानं
सतरावर फुली मारली.
मग खडू माझ्यापुढे धरला:
अठराचं बघा की, मास्तर.

बावीस वर्षं झाली गिरणीला.
तिथली चिमणीसुद्धा आता
मला ओळखेल की नाही, सांगता येत नाही.

मंडळी जेवायला वर गेली.
शेंगाचटणीचा वास जिन्यातून खाली आला
आणि पिंपांच्या वासात शिरेना, परत गेला.
आम्ही अठरा पाहिलं, चांगलं.
एकोणीस कच्चं.
विसाव्यापाशी दोघंही थांबलो,
तो एका बाजूनं वाकला, मी दुसऱ्या,
कुणी आधी बोलेना.
वरून हॉर्न वाजला. आणखी तीन उरली होती.
आम्ही तेवीसपर्यंत गेलो.

रात्री सुनेनं विचारलं, कशी झाली सहल?
बरी, म्हणालो.
विसावं जरा कडक आहे,
पण दिवाळीपर्यंत बसेल.
ती बघत राहिली माझ्या तोंडाकडे,
मग जवळ येऊन हळूच वास घेतला.

शर्टाच्या बाहीला खडू लागला होता.
तो तिला दिसला नाही.